पेन खाली ठेवायला लावणाऱ्या पाळकसाहेबांना

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभूमध्ये सलाम.

हे पत्र असं चारचौघांत लिहितोय हे तुम्हाला आवडणार नाही. "आभार मानायचे तर त्याचे मान," म्हणत बोट वर कराल. त्याचे मानून झालेत. पण ठाण्यापासून पनवेलपर्यंत शाळेचा हॉल भाड्याने घेऊन रविवारची उपासना चालवणारे माझ्यासारखे बरेच पास्टर आहेत, त्यांतल्या कुणाच्या तरी हे कामी येईल म्हणून उघडपणे लिहितो. तुमचं नाव मात्र घालत नाही.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तो का, हे तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. पुरतं आज सांगतो. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एक आजी अतिदक्षता विभागात होत्या. फोन, बॅग सगळं दाराबाहेर ठेवायला लावलं. अंगात हिरवा गाऊन, पायांत दुसऱ्या कुणाच्या मापाच्या चपला, अशा अवतारात मी खाटेशी उभा. आजींनी मास्क जरासा सरकवला आणि म्हणाल्या, "पास्टर, ते डोंगरांचं स्तोत्र म्हणा."

म्हणजे बायबलमधलं १२१वं. आठच वचनं. पहिली दोन म्हटली. तिसऱ्यात पाय ढळू देणार नाही इथपर्यंत आलो आणि पुढे पाटी कोरी. या स्तोत्रावर मी दोनदा संदेश दिला होता, तीन मुद्द्यांचा, तिन्ही मुद्दे एकाच अक्षराने सुरू होणारे! ते मुद्दे धडाधड आठवत होते. वचनं आठवेनात. उरलेलं स्तोत्र आजींनीच पुरं केलं, धापा टाकत, आणि वर धीर मलाच दिला.

त्यानंतरच्या सोमवारी ठाण्याच्या तलावपाळीच्या बाकावर तुम्ही मला विचारलंत, "आज सकाळी काय वाचलंस?"

"मार्कचा दुसरा अध्याय. रविवारच्या संदेशासाठी."

"ते मंडळीचं झालं. तुझं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही गीतरत्नातलं पहिल्याच अध्यायातलं ते वचन काढलंत, दुसऱ्यांचे द्राक्षमळे राखता राखता स्वतःचा मळा राखायचा राहून गेलेल्या मुलीचं. गीतरत्न म्हणजे लग्नात वाचायचं पुस्तक, एवढीच माझी समजूत. ते वचन पाळकाच्या अंगाला असं लागेल असं वाटलं नव्हतं. उपदेश न करता तुम्ही शेंगदाण्याची पुडी पुढे केलीत आणि म्हणालात, "उद्यापासून पेन न घेता वाचायचं."

पाळकसाहेब, तुमचं हे एक वाक्य मला सर्वांत जड गेलं. हातात पेन असलं की डोळे मुद्दे शोधतात. हे वचन रविवारी चालेल, हे महिला मंडळाला, हे त्या भांडकुदळ कमिटी मेंबरला बरोब्बर लागू पडेल. पेन काढून घेतल्यावर पहिले चार-पाच दिवस हाताला चाळा म्हणून मी चहाचा चमचा फिरवत बसायचो. सहाव्या की सातव्या दिवशी ५१वं स्तोत्र वाचताना ध्यानात आलं की हे मला लागू पडतंय, कमिटी मेंबरला नव्हे. त्या दिवशी बायकोची माफी मागितली. कशाबद्दल ते इथे लिहीत नाही.

मग रोज पाच स्तोत्रं. दीडशे स्तोत्रं, तीस दिवस, हिशेब सोपा. मी कुरकुरलो तेव्हा तुम्ही म्हणालात की संत बेनेडिक्टच्या मठात साधू आठवड्याला सगळी दीडशे म्हणायचे, तुला तर महिना दिलाय. या हिशेबाने २४ तारखेला ११९वं येतं, १७६ वचनांचं, आणि त्या दिवशी माझी लोकल हमखास चुकते. ८८वं आलं तेव्हा मी फोन केला होता की हे काय, शेवटपर्यंत अंधारच, आशेची एक ओळ नाही. तुम्ही म्हणालात, "तेही म्हण. तुझ्या मंडळीत कुणाच्या तरी घरी आज तोच दिवस असेल." त्यानंतर मी स्तोत्रं निवडणं सोडलं. ज्या दिवशी जे वाट्याला येईल ते.

पाठांतर लोकलमध्ये होतं. ठाण्याहून वाशीच्या गाडीत डाव्या खिडकीशी जागा मिळाली की दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली करत पारसिकचा डोंगर सोबत चालतो. खाणींनी जागोजागी पोखरलाय बिचारा. तरी डोंगरांकडे दृष्टी लावायला या वाटेवर तेवढाच आहे. कोपरखैरणे येईस्तोवर दोन वचनं पक्की, ही तुम्ही घालून दिलेली रीत. शेजारी उभे राहणारे महापे एमआयडीसीतले एक गृहस्थ आता विचारतात, "आज कुठवर आलं, सर?"

एका बाबतीत आपलं जमलं नाही. तुमचा हट्ट पहाटे पाचचा. येशू अगदी पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, हे मार्कातलं वचन तुम्ही मला तीनदा ऐकवलंत. पण आमच्याकडची निम्मी घरं शिफ्टवर चालतात. कुणाची गाठ रात्री साडेनऊच्या आधी पडत नाही, आणि घरात दोन वर्षांचं पोर. पाचला उठून मी पवित्र शास्त्रावर डोकं ठेवून घोरायचो. शेवटी दाविदाचं ६३वं स्तोत्र मीच तुमच्यापुढे ठेवलं, अंथरुणावर देवाची आठवण करणाऱ्याचं, रात्रीच्या प्रहरी चिंतन करणाऱ्याचं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून वाचलंत आणि म्हणालात, "दावीद तुझ्या बाजूने आहे, मी काय बोलणार." तेव्हापासून माझी वेळ रात्री अकराची.

उपासाचं अजून जमत नाही, तेही कबूल करून टाकतो. शुक्रवारचा उपास मी मंडळीत जाहीर करून बसलो होतो आणि रात्री वडापावची कसर भरून काढत होतो. एकादशी आणि दुप्पट खाशी, आपल्याकडे काय वेगळं! मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं, उपास करताना तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना कळू देऊ नकोस, हे तुम्ही दाखवलंत. तेव्हापासून कुणाला सांगत नाही. त्यामुळे किती वेळा मोडतो तेही कुणाला कळत नाही, हा त्यातला धोका तुम्ही सांगितला नव्हता.

सोमवारची सुट्टी मात्र वाचवलीत. मी तिला आळस म्हणत होतो. तुम्ही बायबलमधल्या '१ राजे' पुस्तकाचा १९वा अध्याय काढलात. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडलाय, आणि देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो, मग पुन्हा उठवून खायला घालतो. चाळीस दिवसांची वाट आणि होरेब डोंगरावरची देवाची ती मंद वाणी नंतर. "तुझ्या मंडळीत एलीयापेक्षा जास्त काम आहे काय रे?" असं तुम्ही विचारलंत तेव्हा काकू आतून हसल्या होत्या.

पण मला सगळ्यांत खोल लागलेली गोष्ट वेगळीच. एकदा तलावाला फेरी मारताना मी म्हणालो होतो की पाळकाला मित्र नसतात. मंडळीतल्यांशी मन मोकळं करता येत नाही, आणि दुसऱ्या पाळकांशी बोलायला गेलं की प्रत्येकजण आपल्या मंडळीची हजेरी सांगतो. तुम्ही चालता चालता थांबलात आणि जॉर्डानसची गोष्ट सांगितलीत. याच ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डानस तेव्हा इथे नव्हता म्हणून वाचला. त्याने त्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं, आणि पुढे या भागात एकटाच राहिला. त्याची पत्रं आजही आहेत. आपण काय काय सोसतोय ते त्यांत त्याने लपवलेलं नाही, आणि आणखी बंधूंना पाठवा म्हणून विनवलंय. "सातशे वर्षांपूर्वी त्याला पत्र लिहून सोबत मागायची लाज वाटली नाही," तुम्ही म्हणालात, "तू तर वाशीच्या गाडीत बसून येऊ शकतोस."

म्हणून मी येत राहिलो. दर दुसऱ्या सोमवारी. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं लिहिलंय, त्यावर मी तरुण संघात तासभर बोललोय. पण स्वतः प्रत्यक्ष कुणापुढे तोंड उघडलं ते त्या बाकावर. मत्सर कुणाचा वाटतो, पैशाची ओढाताण कशी होते, फोनवर रात्री काय बघत बसतो. तुम्ही एकदाही दचकला नाहीत. एकदा फक्त म्हणालात, "हे मी पण केलंय, पुढे सांग." चाळीस वर्षं पाळक असलेला माणूस असं म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या छातीवरचं काय उतरतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

ता. क. आजी बऱ्या होऊन घरी आल्या, हे तुम्हाला माहीत आहेच. आता घरभेटीला गेलं की चहाच्या आधी १२१वं म्हणवून घेतात, मध्ये मुद्दाम खोकतात आणि मी अडखळतो का ते बघतात. आणि काकूंना सांगा, दिवाळीचा चिवडा ज्यातून दिला होता तो डबा अजून आमच्याकडेच आहे. रात्री अकराला त्यात माझा फोन जातो आणि डबा फ्रिजवर. तो एवढ्यात परत मिळेलसं वाटत नाही.

तुमचा,
कोपरखैरण्याचा पाळकबुवा