अँजिओग्राफी स्वच्छ म्हणजे गॅस नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत छातीदुखीवर लिहिताना ‘अँजिओग्राफीत ब्लॉकेज नसेल तर गॅस समजा, हृदयाची चिंता सोडा’ असे छापले आहे. फार संताप झाला. हेच वाक्य आमच्या नानांना, माझ्या थोरल्या भावाला, दीड वर्ष ऐकवले गेले.

दिवसा कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन बांध चढायचे, काही होत नसे. पहाटे तीन-चारला मात्र बनियन घामाने भिजायचं आणि मूठ छातीवर दाबून ‘छातीमा कळ मारस’ म्हणत उठून बसायचे. दहा मिनिटांत सारं शांत. सकाळी ईसीजी नॉर्मल. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून तपासलं, नॉर्मल. जळगावला अँजिओग्राफी केली, स्वच्छ. वहिनी ओवा आणि काळं मीठ देत राहिल्या. एका डॉक्टरांनी धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं, त्यावर कळा वाढल्याच.

गेल्या पौषात कळ चालू असतानाच दवाखाना गाठला. ईसीजीच्या कागदावर रेषा वर चढलेल्या. जिभेखाली सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिनी सैल करणारी गोळी ठेवली, कळ थांबली, दुसरा कागद काढला तर रेषा पुन्हा जागेवर. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी धरून दाखवले. म्हणाले, पायात गोळा येतो ना, तशी हृदयाची रक्तवाहिनीच आवळते. आवळ सुटली की अँजिओग्राफीत काय दिसणार? प्रोप्रॅनोलॉलने ही आवळ वाढू शकते, हेही तेव्हाच कळलं. आवळ रोखणारं डिल्टियाझेम हे औषध सुरू झालं, बिडी कायमची बंद केली. तेव्हापासून दोनदाच कळ आली.

प्रिन्झमेटल या अमेरिकी डॉक्टरांनी हे दुखणं १९५९ सालीच लिहून ठेवलं आहे. आपल्या पानभर लेखात त्याला एक ओळ नाही! आवळ लांबली तर झटका येतो, ठोके बिघडून माणूस जातोही. बसल्या-झोपल्या पहाटे कळ येत असेल तर कळ चालू असतानाच ईसीजी काढा, नाहीतर चोवीस तास ईसीजी टिपणारं होल्टर यंत्र लावून घ्या, एवढं तरी छापायचं होतं. खुलासा त्याच पुरवणीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात यावा ही विनंती.

आणखी एक. नानांना पहिली कळ आली ती रात्रीच्या विजेच्या पाळीत, कडाक्याच्या थंडीत केळीला पाणी भरताना. थंडीनेही ही रक्तवाहिनी आवळते. शेतीला दिवसा वीज देण्याच्या घोषणा आपण पहिल्या पानावर छापता. आमच्या शिवारात अजून रात्रीचीच पाळी आहे, तेही छापा.

आपला,
एक वाचक, ता. चोपडा