अठरा पाकिटे आणि दोन लेकरे

चिक्वावा, मलावी
फेब्रुवारीचा पहिला आठवडा

प्रिय कुसुम,

सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, आणि शनिवार-रविवार ब्लँटायरला लेकीकडे जाते तेव्हा जेवणही घरचे मिळते. हे पत्र लिहिण्याचे कारण निराळे आहे. आरोग्य केंद्रावर एक प्रसंग उभा राहिला आहे, तो मी लेकीला सांगून पाहिला, जावयांना सांगून पाहिला. दोघांनी मन लावून ऐकले, पण धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांत वजनकाटा खांद्यावर घेऊन फिरलेल्या माणसाखेरीज तो कोणाला पुरता कळेल असे मला वाटत नाही.

जानेवारी ते मार्च हे इथले भुकेचे महिने. मक्याचे पीक एप्रिलमध्ये हाती येते आणि मागच्या हंगामाचा मका बहुतेक घरांत त्याच्या कितीतरी आधी संपलेला असतो. दुसऱ्याच्या शेतावर गान्यू, म्हणजे रोजंदारी, मिळाली तर त्या दिवशी पीठ येते आणि न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, शिजते. आपल्याकडे पेरणी झाल्यावर नवे धान्य येईपर्यंत कोरकू घरांत जी ओढ असते, तीच ही ओढ, फक्त महिने वेगळे. त्यात हे शिरे नदीचे खोरे. २०२२च्या जानेवारीत आना वादळाने आणि २०२३च्या मार्चमध्ये फ्रेडीने इथली उभी पिके पाण्याखाली घातली, आणि ज्यांची बकरी-कोंबडी तेव्हा वाहून गेली त्यांना ती पुन्हा जमवता आलेली नाहीत. २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत या देशातली पाच वर्षांखालील ३७ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली होती. हा आकडा वाचून तू आणि मी दचकणार नाही, आणि मला खरे दुःख आपल्या त्या न दचकण्याचेच आहे.

केंद्रावर माझे काम साधे आहे. दंडघेर मोजायचा, दोन्ही पावलांवर अंगठे दाबून सूज पाहायची, वजन कार्डावर लिहायचे, आणि आयांशी बोलायचे. बोलताना इथली एक तरुण आरोग्यसेविका माझ्यासाठी चिचेवात भाषांतर करते; ती इतकी तुझ्यासारखी आहे की मी एक वाक्य बोलले की ती चार बोलते आणि बायका हसतात. पट्टी तीच, आपलीच: ११५ मिलिमीटरच्या खाली लाल, ११५ ते १२५ पिवळी, त्यावर हिरवी. लाल पट्टीतल्या बाळाला भूक असेल आणि दुसरा आजार नसेल, तर शेंगदाण्याच्या पेस्टची पाकिटे देऊन घरी पाठवतात. एका पाकिटात ९२ ग्रॅम पेस्ट आणि ५०० कॅलरी असतात. बाळ कोपरा फाडलेले पाकीट चोखून खाते आणि पाणी मिसळावे लागत नसल्यामुळे पेस्ट नासत नाही. तू या पाकिटांना "परदेशी औषध" म्हणून किती तावातावाने बोलत असायचीस ते मला आठवते. म्हणून मुद्दाम सांगते की या पेस्टचा एक कारखाना ब्लँटायरमध्येच आहे.

आणि कुसुम, या शहराचा या पद्धतीशी जुना संबंध आहे. फ्रान्सच्या आंद्रे ब्रियां यांनी १९९०च्या दशकात ही पेस्ट सिद्ध केली, आणि २००१च्या सुमारास मार्क मॅनरी या बालरोगतज्ज्ञांनी ब्लँटायरच्या मुलांना वॉर्डात न ठेवता ती देऊन घरी पाठवून पाहिले. त्याआधी आयांना बाळाजवळ कित्येक आठवडे वॉर्डात राहावे लागे, घरची बाकीची मुले वाऱ्यावर पडत, शेतात तण माजे, आणि अनेक आया उपचार अर्ध्यावर सोडून निघून जात. "आईची मजुरी बुडवून बाळ बरे होत नाही," हे तू ग्राम बालविकास केंद्राच्या प्रत्येक बैठकीत सांगत असायचीस. इथे तेच ओळखून उपचार घरी नेला गेला आणि २००७मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ व इतर संस्थांनी मिळून त्याला मान्यता दिली.

आता माझा प्रश्न तिथेच सुरू होतो, कारण उपचार ज्या घरात गेला त्या घरात भुकेले बाळ एकटे नसते.

एक बाई जुळी घेऊन येते. अकरा महिन्यांची मुलगी आणि मुलगा, एक पाठीवर चितेंज्यात, म्हणजे इथल्या छापील कापडात, बांधलेले आणि एक पुढे. मुलीचा दंडघेर ११२ भरला आणि मुलाचा ११८. तू लगेच विचारशील की मुलाला जास्त पाजले जाते का. मीही तोच संशय मनात धरून बारकाईने पाहिले, आणि तसे नाही, मुलगी जन्मतःच लहान होती आणि मध्ये तिला मलेरिया होऊन गेला. नियमाप्रमाणे मुलीचे नाव नोंदले गेले आणि वजन ५.८ किलो असल्यामुळे तिला आठवड्याला १८ पाकिटे मिळू लागली. मुलगा पिवळ्या पट्टीत, त्याच्यासाठी मका-सोयाचे पीठ असते, पण ते केंद्रावर कित्येक आठवडे आलेले नाही. म्हणजे एका पाठीवरच्या बाळाला औषध आणि दुसऱ्याला "पुढच्या वेळी या."

मुलीचे वजन पहिल्या आठवड्यात ५.९ झाले आणि तिथेच अडकले. भूक चांगली, ताप नाही, सूज नाही, एचआयव्हीची तपासणी निर्दोष. मी आरोग्यसेविकेबरोबर घरभेटीला गेले तेव्हा त्या बाईने स्वतःहून दोन वाट्या आणून माझ्यापुढे ठेवल्या आणि प्रत्येक पाकीट ती कसे निम्मे निम्मे करते ते दाखवले. लपवण्यासारखे काही आपण करतो आहोत असे तिच्या चेहऱ्यावर नव्हते. आरोग्यसेविकेने पाठ केलेले वाक्य म्हटले, की हे अन्न नव्हे, औषध आहे, ते फक्त आजारी बाळाला द्यायचे असते. ती म्हणाली, "एकीच्या तोंडात देते तेव्हा दुसरा हात पुढे करतो. त्या हाताला मी काय सांगू?" आरोग्यसेविकेने ते वाक्य भाषांतरित केले आणि नंतर ती स्वतःच गप्प झाली.

मी वहीत हिशेब मांडून पाहिला. १८ पाकिटांच्या ९००० कॅलरी, सात दिवसांत, दोघांत. म्हणजे प्रत्येकाला रोज सुमारे ६४० आणि वर आईचे दूध. एवढ्यावर दोघे तग धरतील, पण मुलीची झीज भरून निघणार नाही. त्या बाईने जे मिळाले त्यात कोणालाच बुडू दिलेले नाही. इतका चोख न्याय मी भरल्या घरांतही क्वचित पाहिला आहे.

तुला अंड्यांचे भांडण आठवत असेलच. तान्ह्याला कडेवर घेऊन येणाऱ्या सात-आठ वर्षांच्या बहिणींना तू अर्धे अर्धे अंडे देत होतीस, आणि नोंदवहीत ते बसत नाही म्हणून मी सगळ्या सेविकांसमोर तुझ्याशी वाद घातला होता. शेवंताबाई मध्ये पडल्या नसत्या तर आपण बैरागडहून वेगवेगळ्या गाड्यांनी परतलो असतो, आणि त्या मार्गावर गाडी एकच होती! माझे म्हणणे मी आजही सोडलेले नाही. साठ्याचा हिशेब जुळला नाही की पुढचा पुरवठा अडतो, आणि त्याची झळ सर्वांत अशक्त बाळालाच लागते. पण तुझा मुद्दा असा होता की ज्या मुलीच्या कडेवर बाळ आहे ती मुलगी योजनेच्या बाहेर कशी काय असू शकते, आणि त्याचे उत्तर मी तेव्हाही दिले नव्हते.

काळजीची गोष्ट पुढे आहे. वजन असेच अडकले तर "उपचाराला प्रतिसाद नाही" असा शेरा पडेल आणि मुलीला जिल्हा रुग्णालयात दाखल करतील. क्षयाच्या तपासण्या होतील, बाई तिथे अडकेल, गान्यू बुडेल, आणि मुलाचा दंडघेर तोवर ११५च्या खाली येईल. मग त्यालाही पाकिटे मिळतील. अधिक बिघडल्यावरच आत घ्यायचे, ही रचना मला सहन होत नाही. मी गप्प राहिले तर मुलीवर नसलेल्या आजाराचा शिक्का बसतो. मी सांगितले तर आईवर, "सूचना पाळत नाही" म्हणून. तिने विश्वासाने दाखवलेल्या दोन वाट्या तिच्याविरुद्ध पुरावा ठरू नयेत, एवढे मला पाहायचे आहे.

एक आधार मला सापडला आहे. केनिया आणि दक्षिण सुदानमध्ये एक मोठा अभ्यास झाला, तो २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लाल पट्टीतल्या मुलांना रोज २ पाकिटे आणि पिवळ्या पट्टीतल्यांना रोज १, असे एकाच पेस्टवर दोघांना ठेवले आणि बरे होण्याचे प्रमाण प्रचलित पद्धतीपेक्षा कमी पडले नाही. म्हणजे या जुळ्यांना मिळून रोज ३ पाकिटे हवीत. आज अडीच मिळतात. सगळा प्रश्न रोजच्या अर्ध्या पाकिटाचा आणि मुलाच्या नावाने एका कार्डाचा आहे. मी त्या बाईची परवानगी घेतली आहे आणि केंद्राच्या सिस्टरांपुढे हे सर्व लेखी मांडणार आहे: मुलाची नोंद करावी, आणि दोघांकडे एक घर म्हणून पाहावे. सिस्टर कठोर नाहीत, पण साठा मोजका आहे आणि त्यांनाही वर उत्तर द्यावे लागते. रांगेत जुळी नसलेली, पण घरी पिवळ्या पट्टीतले भावंड असलेली मुलेही आहेत, त्यांचे काय, असे त्या विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. माझ्याजवळ त्याचे अर्धेच उत्तर आहे.

तुझ्या गुडघ्याचे ऑपरेशन नीट झाले हे वाचून बरे वाटले. चालण्याचा व्यायाम टाळू नकोस. अख्खा तालुका तुला घाबरत असे, एक गुडघाही ऐकेल. संदीपच्या लग्नाचे फोटो पाहिले, सून गोड आहे. अमरावतीच्या घराचा वरचा मजला भाड्याने देण्याआधी मला विचार.

आता काम. अंड्यांच्या प्रकरणानंतर तू प्रकल्प अधिकाऱ्यांना भावंडांविषयी दोन पानांची टिपणी लिहिली होतीस, ज्यात पाड्यानुसार घरे धरून आहाराचा हिशेब मांडला होता आणि साठा न वाढवता ते कसे बसते तेही दाखवले होते. तुझ्या लोखंडी पेटीत तिची प्रत नक्की असेल. तिचा फोटो काढून मला मंगळवारच्या आत पाठव, कारण बुधवारी केंद्राचा दिवस आहे. शेवटच्या परिच्छेदात रांगेतल्या इतर मुलांविषयी तू काहीतरी लिहिले होतेस. ते अस्पष्ट आले तर फोन करून वाचून दाखव.

तुझी,
सुलभा