‘खर्रा खात होत्या का?’

महोदय,

माझ्या मोठ्या जाऊबाईंना स्तनाचा कर्करोग झाला. केमो घेऊन नागपूरहून एसटीने परतल्या. डोक्यावर पदर घट्ट, हातात रिपोर्टची पिशवी. भेटायला आलेल्या बायांचा पहिला प्रश्न, ‘खर्रा खात होत्या का?’ तंबाखू-सुपारी घोटून केलेला खर्रा सोडाच, जन्मात सुपारीचं खांड तोंडात घातलं नाही त्यांनी! मग दुसरीने शोध लावला, ‘जेवणाची वेळ पाळली नसेल.’ निंदणाला जाणारी बाई कुठली वेळ पाळणार?

तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, यात वाद नाही. पानठेल्यावर पन्नीत खर्रा घोटून घेणाऱ्या पोरांना अडवलंच पाहिजे. पण टाळता येण्याजोगे कर्करोग ३० ते ५० टक्के, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. बाकीच्यांचं काय? वय वाढतं, पेशी विभागताना जनुकात चूक होते. काहींना बीआरसीए जनुकातला, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा, दोष आईकडून किंवा बापाकडून येतो. त्यात रोग्याचा काय गुन्हा? आणि खर्रा खाणाऱ्यालाही आधी उपचारच लागतात, पंचनामा नाही.

आमच्याच गल्लीतल्या एकीने छातीतली गाठ चार महिने लपवली. जाऊबाईंबद्दलचं बोलणं तिने ऐकलं होतं.

– एक वाचक, आर्णी (जि. यवतमाळ)