आफ्रिकेतल्या रूढीला जंगली म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समान नागरी कायद्यावर आपल्या पेपरात गेले काही दिवस जी पत्रं येतायत ती मी रोज वाचते. त्यातल्या एका वाचकाने लिहिलंय की रूढींना कायद्यात जागा दिली की आपलं आफ्रिका होईल, तिथे अजून टोळ्यांचा कायदा चालतो आणि बायका गाईंवर विकल्या जातात. मी काही वकील नाही, पण नवऱ्याच्या नोकरीमुळे नऊ वर्षं जोहान्सबर्गला काढलीयत, तिथे एका ऑफिसात अकाउंट्स बघत होते, त्यामुळे गप्प बसवेना. एक तर आफ्रिका हा एक देश नाही, पन्नासच्या वर देश आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मी साउथ आफ्रिकेचंच सांगते.

आधी गाईंचं बघू. लोबोला म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना द्यायचं, आपल्याकडे काही आदिवासी समाजांत देज असतं ना तसं, हुंड्याच्या बरोब्बर उलट. माझ्या शेजारच्या टेबलवर बसणाऱ्या झुलू मैत्रिणीचा लोबोला ठरला तेव्हा मी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत तिच्या घरी होते, अर्थात बायकांच्या खोलीत. सकाळी सकाळी मुलाचे काका-मामा ब्लेझर घालून गेटबाहेर उभे, बाहेरूनच मुलीच्या कुळाची नावं पुकारायची, आणि आतले लोक ऐकू येऊनही मुद्दाम वेळ लावणार. शेवटी गेट उघडलं, मंडळी चटईवर बसली, तर आधी 'तोंड उघडायचे' वेगळे पैसे, ते ठेवल्याशिवाय मुलीकडचे बोलायलाच तयार नाहीत. मग जी घासाघीस सुरू झाली ती सगळी गाईंच्या भाषेत, 'ही गाय जरा लंगडतेय' असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले, खरं म्हणजे मोजलेल्या नोटा कमी भरल्या होत्या. नवरी माझ्या शेजारी बसून होणाऱ्या नवऱ्याला फोनवर मेसेज करत होती, कुठवर आलंय ते. मला आमच्या साताऱ्याकडची याद्यांची बैठक आठवली, फक्त इथे ताठा मुलीकडच्यांचा. शेवटी वहीच्या एका पानावर सगळं लिहून काढलं, गाई किती, एका गाईचे किती रँड (तिथलं चलन), आज किती दिले, बाकी किती, खाली दोन्हीकडच्यांच्या सह्या. ह्या पानाचं पुढे येतंच.

गाई अकरा ठरल्या, दहा आणि वर एक आईची. दहाच का म्हणून मी विचारलं तर म्हातारे म्हणाले पूर्वापार. नंतर वाचलं तर नाताळ नावाच्या तिथल्या इंग्रज वसाहतीतल्या थिओफिलस शेपस्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८६९ साली साध्या माणसासाठी दहा गाईंची मर्यादा घातली होती! आपण जिला टोळीची रूढी म्हणतो त्यातली बरीचशी अशी साहेबाने लिहून काढलेली आहे. कुठल्या तरी म्हाताऱ्यांना विचारायचं (म्हाताऱ्यांनाच, म्हाताऱ्यांच्या बायकांना नाही), ते कागदावर उतरवायचं आणि मग ते कायमचं गोठलं. १८९१ च्या नाताळ संहितेत बाई कायद्याने आयुष्यभर अज्ञान, म्हणजे लहान मुलासारखी, आणि १९२७ च्या ब्लॅक ॲडमिनिस्ट्रेशन ॲक्टखाली काळा माणूस मृत्युपत्र न करता गेला की वारस थोरला मुलगा, मुलगा नसला तर बाप, तोही नसला तर पुढचा कोणी पुरुष, बायको आणि मुली मात्र कधीच नाहीत.

हे चाललं ते २००४ पर्यंत. केपटाऊनच्या खायेलित्शा वस्तीत एक सुतार आणि घरकाम करणारी बाई, दोन लहान मुली, झोपडीत राहायचे आणि घरकुलाच्या सरकारी अनुदानातून जागा आणि घराचं सामान घेतलेलं. घर बांधायच्या आत २००२ मध्ये तो माणूस गेला. वारस कोण, तर शेकडो मैल लांब ईस्टर्न केपमध्ये राहणारा त्याचा बाप, आणि तो म्हणाला मी ही जागा विकून मयताचा खर्च भागवणार. म्हणजे मुलींच्या डोक्यावरचं छप्पर विकून बापाच्या मयताचं जेवण! ही भे केस (भे हे त्या बाईंचं आडनाव). १५ ऑक्टोबर २००४ ला तिथल्या संविधान कोर्टाने, निकाल न्यायमूर्ती पायस लांगांनी लिहिला, वारस पुरुषच हा नियम रद्द केला आणि सर्वांना लागू असलेला वारसा कायदा इथेही लावला, बायकोला आणि सगळ्या मुलांना वाटा.

पण त्याच निकालातलं न्यायमूर्ती सांडिले न्गकोबो यांचं वेगळं मत मला जास्त आठवतं. बायकांना वगळणं चूक हे त्यांनाही मान्यच होतं, पण रूढी काढून टाकू नका, सुधारा, थोरला मुलगा ऐवजी थोरलं अपत्य म्हणा असं त्यांचं म्हणणं, कारण मूळ पद्धतीत थोरल्याला इस्टेट मिळायची ती खायला नाही तर सगळ्यांना सांभाळायला. आपल्या एकत्र कुटुंबातल्या कर्त्यासारखंच की. गावात गुरं आणि शेत होतं, सगळे एका अंगणात होते तोवर ते चाललंही असेल, शहरात मात्र जबाबदारी गावी राहिली आणि हक्क तेवढा बस पकडून आला. त्यामुळे मला लांगाच पटतात, पण न्गकोबो बोलत होते ते उगाच नव्हतं.

आणि म्हणून रूढी तिथे मेली का, तर नाही. १९९८ चा कायदा, जो २००० च्या नोव्हेंबरपासून लागू आहे, रूढीने लावलेली लग्नं पूर्ण लग्न मानतो, एकापेक्षा जास्त बायकांचीसुद्धा, अट एवढीच की दोघं सज्ञान पाहिजेत, दोघांची संमती पाहिजे आणि बायकोचा दर्जा नवऱ्याच्या बरोबरीचा. पुढे २०१३ मध्ये मायेलाने नावाच्या बाईंची केस आली. नवरा वारल्यावर लग्नाची नोंद करायला गेल्या तर दुसरी बाई त्याच माणसाची बायको म्हणून नोंद करायला हजर! प्रश्न असा पडला की त्यांच्या त्सोंगा समाजात दुसरं लग्न करताना पहिलीला विचारावं लागतं का. तर कोर्टाने पुस्तक बंद केलं आणि माणसांना विचारलं, मुखिया, जाणकार, प्रत्यक्ष सवतींबरोबर नांदणाऱ्या बायका, सगळ्यांची शपथपत्रं मागवली. उत्तरं एकसारखी आली नाहीत, तरी पहिलीला कळवायला लागतं हे निघालं, आणि कोर्टाने त्याच्या पुढे जाऊन सांगितलं की नुसतं कळवणं नाही, तिची संमती पाहिजे. दुसरं लग्न रद्दबातल ठरलं. हे मला फार मोठं वाटतं, दिल्लीत बसून ठरवलेलं नाही की गावच्या पाटलाने दामटलेलं नाही. बहुपत्नीत्व मला आजही पटत नाही ते वेगळं.

सगळं छान आहे असंही नाही. लग्नाची नोंद नसली तरी लग्न ग्राह्य असं कायदा म्हणतो, पण माणूस गेला की सिद्ध कोण करणार? माझ्या मैत्रिणीच्या मावशीचा नवरा गेला तर चौथ्या दिवशी दीर म्हणाले लग्न कधी झालं, आम्हाला नाही माहीत. लोबोलाचा कागद गावच्या घरात कुठेतरी, सह्या करणारे तिघं वारलेले. दोन वर्षं ऑफिसांच्या खेपा घातल्या तिने.

आणि आपण कोणाला नावं ठेवतोय? त्याच देशात १९१३ साली न्यायमूर्ती सर्ल यांनी ख्रिश्चन पद्धतीने न झालेली लग्नं कायद्याने लग्नच नाहीत असं ठरवलं तेव्हा तिथे राहणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या एका फटक्यात रखेल्या ठरल्या होत्या, कस्तुरबा तुरुंगात गेल्या त्या त्या वर्षीच्या सत्याग्रहात. आज महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित इस्टेटीत १९९४ पासून हक्क आहे, तरी तलाठ्याकडे हक्कसोड किती होतात ते बघा, मी स्वतः सही केलीय, माहेर तुटायला नको म्हणून. आणि हिंदू वारसा कायदा आदिवासींना लागूच नाही, २०२५ च्या जुलैत एका गोंड बाईच्या वारसांना आजोबांच्या जमिनीत वाटा मिळाला तो सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन, आणि तेव्हा कोर्टाने विचारलं की मुलीला वाटा नाही अशी रूढी तरी कोणी सिद्ध केलीय?

माझ्या मैत्रिणीने मावशीचं बघून शहाणपण केलंय. वहीचं ते पान लॅमिनेट करून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं, आणि फोटो काढून सख्ख्या बहिणीला, एका वकिलाला आणि मला पाठवला. 'तू लांब आहेस, तुझ्याकडून कोणी फाडून नाही टाकणार' असं खाली लिहिलं होतं.

आपली,
एक जुनी वाचक, ठाणे