आदूच्या अप्रेंटिसशिपबद्दल, जरा सविस्तर

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर "म्हणजे आदू कारखान्यात कामाला लागणार?" एवढं विचारून आई तू सरळ फोन बाबांच्या हातात दिलास, आणि बाबा तुम्ही नुसतं "बघू, बघू" केलंत, तेव्हाच ठरवलं की हे नीट लिहूनच पाठवायचं. फोनवर निम्मं राहून जातं, तिकडे तुमचा दूधवाला येतो नाहीतर इकडे माझा कुकर. मोठं झालंय, मोबाईलवर डोळे दुखतील, दादाला प्रिंट काढून द्यायला सांगा.

पहिली गोष्ट, माझ्या आदूनं शिक्षण सोडलेलं नाही. तो कॉलेजलाच जाणार आहे, फक्त चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत नाही तर इथल्या, अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजमध्ये (म्हणजे स्थानिक, स्वस्त सरकारी कॉलेज), आणि आठवड्यातले बाकीचे दिवस एका मशिनिंगच्या (मशिनीवर धातूचे सुटे भाग बनवणाऱ्या) कंपनीत काम करणार, तिथला पगार त्याला पहिल्या दिवसापासून. चार वर्षं असं चालणार. शेवटी त्याच्या हातात कॉलेजची असोसिएट डिग्री (बॅचलरच्या खालची पदवी) असेल आणि शिवाय एक सर्टिफिकेट, की हा माणूस आता पूर्ण तयार मशिनिस्ट आहे. ते सर्टिफिकेट अमेरिकेत कुठल्याही राज्यात चालतं. आई, कम्युनिटी कॉलेज म्हणजे काहीतरी कमी दर्जाचं असं तुझ्या डोक्यात आहे ते मी समजू शकते, इथल्या आपल्या लोकांच्याही डोक्यात तेच आहे. पण इथे नर्स, मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, रेडिओलॉजीवाले यातले कितीतरी जण अशाच कॉलेजातून निघतात, आणि राज्यात राहणाऱ्यांना फी एका क्रेडिटला (विषयाचे तास मोजायचं एकक) ७६ डॉलर, म्हणजे इथल्या मानानं काहीच नाही. आदूला तर तीही पडणार नाही, कारण आमच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात असा नियम आहे की हायस्कूल संपल्यापासून १२० दिवसांच्या आत रजिस्टर्ड अप्रेंटिसशिपला लागलं की कम्युनिटी कॉलेजची ट्यूशन फी माफ. पुस्तकं आणि टूल्सचे पैसे कंपनी देते.

आता बाबा हा पुढचा भाग तुमच्यासाठी. तुम्ही "अप्रेंटिस" शब्द ऐकल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते मला न सांगता कळलं. आयटीआयचा टर्नर ट्रेड करून तुम्ही ज्या कंपनीत अप्रेंटिस लागलात तिथं पहिले कित्येक महिने चहा आणायचा, बर (लेथखाली पडलेला धातूचा कीस) उचलायचा, साहेबाची स्कूटर पुसायची, लेथला हात लावायला मिळाला तो मिस्त्री रजेवर गेला म्हणून. आणि मुदत संपल्यावर हातात कागद देऊन "या आता". आपल्या १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात शिकाऊ उमेदवार हा कामगार धरतच नाहीत, ट्रेनी धरतात, म्हणून पगार नाही, स्टायपेंड. पुढे कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुम्ही जे काय शिकलात ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून बघून शिकलात, त्यात त्या कागदाचा काही उपकार नव्हता हे तुम्हीच शंभरदा सांगितलंय.

म्हणून मी आदूचे कागद आले तेव्हा तुमच्याच नजरेनं वाचले. इथला कायदा १९३७ चा आहे, रूझवेल्टच्या काळातला, आणि त्यातला "रजिस्टर्ड" हा शब्द कंपनीनं स्वतःच्या मनानं लावलेला नसतो. कंपनीला आधी सरकारकडे सगळा प्रोग्राम लिहून द्यावा लागतो, मग मंजुरी. त्यात एक कामांचा तक्ता असतो, लेथवर इतके तास, मिलिंगवर इतके, ग्राइंडिंग, सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनीचं) सेटिंग, इन्स्पेक्शन, प्रत्येकाचे तास वेगळे. तासांवर चालणाऱ्या प्रोग्रामला कायद्यानं निदान २,००० तास लागतात, आदूचा मशिनिस्टचा आहे त्यामुळे चार वर्षांचे, कॉलेजचे धरून, ८,००० तास आहेत. झाडू मारायला नाही म्हणणार नाहीत, इथे सगळेच आपापल्या मशिनीभोवती झाडतात, पण चार वर्षं नुसता झाडूच दिला तर तक्त्यातले तास भरणार नाहीत आणि ते तास कुणीतरी तपासतं. कॉलेजातल्या वर्गाचे वर्षाला १४४ तास तरी असावेत अशी शिफारस आहे, आदूचे डिग्रीमुळे त्याहून बरेच जास्त होतात. गणित, ड्रॉइंग वाचणं, मटेरियल, प्रोग्रामिंग, आणि इंग्लिशचे निबंधसुद्धा, ज्याच्यावर तो आत्तापासून कुरकुरतोय.

पगाराचंही तसंच. किती वाढणार आणि कधी वाढणार हे आधीच लिहिलेलं असतं, साहेबाच्या मर्जीवर नाही. सुरुवात किमान वेतनाच्या खाली करता येत नाही (ते इथे तासाला फक्त सव्वासात डॉलर आहे, त्याची काय मिजास सांगायची), आदूची त्याच्या बऱ्याच वर आहे. तयार मशिनिस्टच्या पगाराच्या अमुक टक्के असं धरून तो चढत जातो. वर्गात बसायच्या तासांचे पैसे द्यायलाच हवेत असं मात्र नाही, ते कंपनीच्या करारावर असतं. आम्ही हे आधी विचारून घेतलं, ही कंपनी देते. करारावर आदूची सही आणि तो ऑक्टोबरपर्यंत सतराचाच म्हणून माझी पण सही. प्रोबेशन जास्तीत जास्त वर्षभराचं, तेवढ्यात दोन्ही बाजूंना सोडता येतं, त्यानंतर कंपनीला काढायचं तर योग्य कारण दाखवावं लागतं, पोराला मात्र केव्हाही सोडता येतं. बाँड नाहीये, बाबा. मी तीनदा वाचलं.

तुम्ही विचाराल की मग कंपनीला काय वेड लागलंय का एवढा खर्च करायला. हाच प्रश्न मला होता, आणि त्याचं उत्तर मला आमच्याच ऑफिसात मिळालं. मी जिथे अकाउंट्स बघते ती छोटी कंपनी आहे, पंप आणि व्हॉल्व्हचे पार्ट करते, तिथले चांगले मशिनिस्ट सगळे पन्नाशीच्या पुढचे. नवीन माणूस मिळत नाही, मिळाला तर शेजारच्या कंपनीतून दोन डॉलर जास्त देऊन ओढून आणलेला, आणि तोच सहा महिन्यांनी तिसऱ्याकडे जातो कारण तो तिसरा अजून एक डॉलर देतो. हे असं एकमेकांची माणसं पळवण्यात सगळे थकले. शेवटी आमच्या मालकानं कॉलेजला फोन केला, आणि तिथून एक बाई आल्या, त्यांनी आमच्या फोरमनबरोबर बसून तो कामांचा तक्ता लिहून घेतला, कॉलेजात त्यातलं काय शिकवायचं आणि शॉपमध्ये (कारखान्यात) काय ते वाटून घेतलं. नॉर्थ कॅरोलिनात हे रजिस्ट्रेशनचं खातं २०१७ पासून कम्युनिटी कॉलेजांच्या सिस्टिमखालीच आलंय, त्यामुळे कंपनीला दहा दारं पुजावी लागत नाहीत. पण फुकट नाही हं काहीच, पगाराचा आकडा मीच मांडते म्हणून सांगते, सगळ्यात मोठा खर्च पगार नाहीये, शिकवणाऱ्या मिस्त्रीचा वेळ आहे. एका शिकाऊ पोरामागे किती अनुभवी कामगार पाहिजेत याचं प्रमाण ठरवून द्यावं लागतं, आणि तो अनुभवी माणूस शिकवत असताना त्याचं स्वतःचं काम कमी निघतं, शिवाय पोरानं बिघडवलेले पार्ट भंगारात. पहिल्या दोन वर्षांत कंपनीला काही सुटत नाही. तिसऱ्या वर्षापासून पोरगा कामाचा होतो. म्हणूनच आमच्या मालकाला हे पटायला बराच काळ लागला आणि म्हणूनच लहान कंपन्या यात अजून बिचकतात.

आमच्या शार्लट शहराला ही पद्धत तशी नवीन नाही. इथे बाहेरून आलेल्या कंपन्यांनी, ब्लूम ऑस्ट्रियाची आणि डेटवायलर स्वित्झर्लंडची, १९९५ मध्ये सेंट्रल पीडमाँट कम्युनिटी कॉलेजबरोबर असा प्रोग्राम सुरू केला, कारण त्यांच्या देशात पोरं पंधरा-सोळाव्या वर्षीच अशी शिकायला लागतात आणि इथे त्यांना तसे कामगार मिळेनात. सीमेन्सनं गॅस टर्बाइनचा कारखाना काढला तेव्हा त्यांनीही याच कॉलेजला हाताशी धरलं, ओबामांनी २०१२ च्या संसदेतल्या मोठ्या भाषणात त्याचा उल्लेख केला होता. हे आईसाठी लिहिलं, तुला ओबामा आवडायचे.

आता जे मला खटकतं तेही सांगते, नाहीतर म्हणाल पोरगी जाहिरात करायला लागली. एक म्हणजे ही असोसिएट डिग्री हाताला काम देणारी आहे, उद्या आदूला वाटलं की पूर्ण इंजिनिअरिंगच करायचं तर सगळी क्रेडिट पुढच्या युनिव्हर्सिटीत धरली जातीलच असं नाही, काही विषय परत करावे लागतील. दुसरं, मंदी आली आणि कंपनीनं माणसं कमी केली तर अप्रेंटिसही घरी बसू शकतो. झालेले तास बुडत नाहीत, दुसरी कंपनी त्यांचं क्रेडिट देऊ शकते, पण ती दुसरी कंपनी शोधायला पाहिजे ना. चार वर्षांनी नोकरी द्यायलाच पाहिजे असंही कायदा म्हणत नाही. आणि तिसरं, जे मला आई म्हणून सगळ्यात जास्त लागतं, त्याचे मित्र होस्टेलवर मजा करणार आणि हा पहाटे उठून सेफ्टी शूज घालून जाणार. त्याला ते आत्ता कळत नाहीये, नोव्हेंबरात अंधारात गाडीची काच खरवडताना कळेल.

पण बाबा, पोराचा हात तुमचाच आहे हो. दोन वर्षांपूर्वी तुम्ही इथे होतात तेव्हा त्याला गॅरेजमध्ये व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) कसा धरायचा ते दाखवलंत, तेव्हापासून घरातलं काहीही मोजत सुटला, माझं लाटणंसुद्धा. शाळेत रोबोटिक्सच्या टीममध्ये बाकीच्यांना कोडिंग करायचं असायचं आणि हा त्या गिअरबॉक्सपाशी. युनिव्हर्सिटीचे फॉर्म त्यानं भरले होते, आम्ही भरायला लावले, एके ठिकाणी ॲडमिशनही मिळाली, पण कर्जाचा आकडा बघून तोच म्हणाला की मला चार वर्षं वर्गात बसायचं नाहीये आणि वर त्याचे पैसेही भरायचे नाहीयेत. यात चूक काय काढू? निवडही काही अशीतशी नव्हती, शाळेचे मार्क बघितले, गणिताची आणि ड्रॉइंगची परीक्षा, मग उन्हाळ्यात काही आठवडे शॉपवर काम करायला लावलं आणि त्यातून घेतलं. त्याच्याबरोबर एक मुलगी आहे आणि एक आर्मीतून परत आलेला तिशीतला माणूस, त्याला म्हणे माजी सैनिकांच्या सरकारी योजनेतून घरभाड्याचे पैसेही मिळतात.

लोकांचं म्हणशील तर आई, ते मी इथे भोगतेच आहे. इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात एकीनं मला विचारलं, आदू कुठे, मी सांगितलं, तर ती लगेच म्हणाली "अगं मग नंतर ट्रान्सफर घेईलच ना," जणू मी त्याच्या आजारपणाचं सांगितलं. तिचा मुलगा हुशार आहे, चांगल्या ठिकाणी लागलाय, मला आनंदच आहे, पण तिच्या घरातला एसी बिघडल्यावर आलेला माणूस तासाला किती घेऊन गेला हे तिनंच मागच्या महिन्यात रडत रडत सांगितलं होतं. मोठी काकू विचारेल तेव्हा तू काय सांगायचं हा तुझा खरा प्रश्न आहे, मला माहितीय. तू सांग की आदू कॉलेजात आहे आणि कंपनीच त्याला शिकवते. दोन्ही खरं आहे. आणि तिनं फारच खोदलं तर फोन बाबांना दे, त्यांना टर्नर असण्याची लाज कधी वाटली नाही आणि त्या लेथवरच आमची दोघांची शिक्षणं झाली.

एक काम आहे बाबा. आदूला आत्तापासूनच हातानं थ्रेड कटिंगची (आटे पाडायची) धास्ती आहे, तिथे आधी जुन्या लेथवर शिकवतात मग सीएनसी. तुम्ही त्याला व्हिडिओ कॉलवर समजावून सांगा, मराठीत सांगितलं तरी कळतं त्याला, फक्त सावकाश बोला आणि "एवढं पण येत नाही का" म्हणू नका. कॉलेज मंगळवार-गुरुवार आहे, त्या दिवशी त्याला वेळ नसतो. आमचा शनिवार सकाळ म्हणजे तुमची शनिवारची संध्याकाळ, तेव्हा करा.

आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का ते कुणीच सांगत नाहीये मला. दादाला म्हणावं फोटो पाठव.

तुमची,
मनू

ता.क. सुट्टीचं विचारलंत ते राहिलंच. कंपनी डिसेंबरात नाताळला बंद असते पण कोल्हापूरला येण्याइतकी रजा आदूला पहिल्या वर्षी मिळणार नाही, म्हणून यावेळी मी एकटीच येईन असं दिसतंय. तिकिटाचं बघून कळवते.