एम-१६ का अडत होती

चि. अनिरुद्ध यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. वर्गात एम-१६ रायफलीचा विषय निघाला आणि "व्हिएतनाममध्ये ती अडत असे, कारण अमेरिकन सैनिक ती साफ ठेवत नसत" एवढ्यावर तो संपला, हे वाचून मला राहवले नाही. तू आता रायफली दुरुस्त करणाऱ्या आर्मररांचा अधिकारी होणार आहेस. त्या वाक्यात खोटे फारसे नाही, पण ते इतके अपुरे आहे की त्याच्या भरवशावर कोणी दुरुस्तीला बसला, तर तो निर्दोष जवानाला शिक्षा करील आणि दोष रायफलीतच राहील. माझी सारी नोकरी काडतुसांच्या तपासणीत गेली, म्हणून हा विषय मी काडतुसाच्या बाजूने मांडणार आहे. बहुतेक लोक तो बंदुकीच्या बाजूने मांडतात.

आधी चक्र मनात पक्के कर. मॅगझिनमधून काडतूस वर येणे, ते चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत जाणे, चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टला कुलूप लागणे, गोळी सुटणे, कुलूप उघडणे, रिकामी पुंगळी चेंबरमधून खेचली जाणे, ती बाहेर फेकली जाणे आणि घोडा पुन्हा ताणला जाणे, अशा या आठ क्रिया आहेत. चापाच्या एका ओढीला एकच गोळी सुटो किंवा अनेक सुटोत, स्वयंभरण करणाऱ्या प्रत्येक रायफलीला या आठही क्रिया ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या वेळात पार पाडाव्या लागतात. "रायफल अडली" ही तक्रार माझ्या लेखी अजून तक्रारच नव्हे. आठांपैकी कोणत्या क्रियेवर अडली, हे सांगितल्यावर ती तक्रार होते.

अमेरिकन रचनाकार यूजीन स्टोनर यांनी आर्मालाइट या कंपनीत असताना आधी ७.६२ मिलिमीटरची एआर-१० आणि पुढे तिचेच लहान रूप असलेली एआर-१५ आखली. १९५९ मध्ये या रचनेचे हक्क कोल्ट कंपनीकडे गेले, आणि अमेरिकन सैन्याने स्वीकारल्यावर तिलाच एम-१६ हे नाव मिळाले. तिची खुबी अशी की नळीला पाडलेल्या बारीक छिद्रातून जळत्या दारूचा थोडा वायू एका बारीक नळकांड्यातून मागे आणून थेट बोल्टच्या वाहकात, म्हणजे बोल्टला घेऊन मागेपुढे सरकणाऱ्या भागात सोडलेला आहे. वाहक हाच सिलिंडर आणि बोल्ट हाच दट्ट्या. त्यामुळे वजन आणि सुटे भाग कमी झाले. पण त्याचा दुसरा अर्थ असा की त्या छिद्राशी किती दाबाचा वायू पोहोचतो, यावर सारे वेळापत्रक अवलंबून राहिले. मुळातली चांगली रचना होती ती, असे मी आजही म्हणेन. १९६२ मध्ये व्हिएतनाममध्ये तिची चाचणी झाली, तेव्हाचे अहवाल तिच्या बाजूनेच होते.

मग बिघडले काय? दारू बदलली.

स्टोनर यांनी रायफल जुळवली होती ती ड्यूपाँ कंपनीच्या आयएमआर ४४७५ या दारूवर, म्हणजे बारीक कांड्यांच्या आकाराच्या दारूवर. सैन्याने काडतुसाला गोळीचा वेग सेकंदाला ३,२५० फूट हवा आणि चेंबरमधला सर्वाधिक दाब चौरस इंचाला ५२,००० पौंडांच्या आत हवा, अशी अट घातली. मोठ्या प्रमाणावर उत्पादन करताना ही दोन्ही टोके त्या दारूने सातत्याने सांभाळणे अवघड गेले. १९६४ मध्ये ऑलिन कंपनीची डब्ल्यूसी ८४६ ही गोलसर कणांची दारू मंजूर झाली. तिने वेग दिला, दाबही मर्यादेत ठेवला, आणि कागदावर सगळे बरोबर आले.

आता इथे थांबून नीट विचार कर, कारण साऱ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे. गोल कणांची दारू तुलनेने सावकाश जळते. तिचा सर्वोच्च दाब तेवढाच असला, तरी गोळी नळीतून पुढे जाऊन त्या छिद्रापाशी पोहोचते तेव्हा मागे उरलेला दाब आधीच्या दारूपेक्षा जास्त असतो. म्हणजे वाहकाला बसणारा धक्का वाढला, तो अधिक वेगाने मागे जाऊ लागला आणि बोल्टचे कुलूप लवकर उघडू लागले. मिनिटाला ८५० गोळ्या ही गतीची वरची मर्यादा ठरलेली असताना नव्या दारूने रायफली ती ओलांडू लागल्या. मंजुरी देताना सारे वजन गोळीच्या वेगावर आणि चेंबरमधल्या दाबावर पडले. रायफलीच्या स्वतःच्या वेळापत्रकाचे काय होईल, हा प्रश्न ज्या गंभीरपणे विचारायला हवा होता तसा विचारला गेला नाही. तपासणीच्या खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला यासारखी अस्वस्थ करणारी दुसरी गोष्ट नाही.

कुलूप लवकर उघडले तर काय होते? गोळी सुटताना पितळेची पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते, आणि ते हवेच असते, कारण त्यानेच वायू मागे येत नाही. दाब उतरला की पितळ किंचित आक्रसते आणि मगच ती सुटी होते. कुकरची वाफ जाण्याआधी झाकण ओढावे, तसे इथे झाले. पुंगळी भिंतीला धरून असतानाच एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाची, नखी तिला खेचू लागली. कधी नखी घसरली, कधी पुंगळीच्या बुडाची कडच कुरतडून निघाली आणि पुंगळी चेंबरमध्ये तशीच राहिली. मागून नवे काडतूस येऊन तिच्यावर आदळले. अशी पुंगळी हातात घेऊन बघितलीस, तर बुडाच्या कडेला एका बाजूला नखीएवढा तुकडा तुटलेला आणि त्या जागी पितळ चकाकत असलेले दिसते. नवशिका आर्मरर ती पाहतो आणि एक्स्ट्रॅक्टर बदलतो. एक्स्ट्रॅक्टर धड असतो. त्याच्याकडून अवेळी काम करून घेतले गेलेले असते.

यात दुसरा दोष येऊन मिळाला. अमेरिकेच्याच एम-१४ रायफलीच्या नळीला आणि चेंबरला आतून क्रोमचा मुलामा होता. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात जपानने आपल्या रायफलींच्या नळ्यांना तो दिला होता. पावसाळी प्रदेशात लोखंडाचे काय होते हे कोणाला ठाऊक नव्हते असे अजिबात नाही. तरीही एम-१६ च्या चेंबरला तो मुलामा दिला गेला नाही. व्हिएतनामच्या दमट हवेत चेंबरच्या आत गंजाचे बारीक खड्डे पडले, फुगलेले पितळ त्या खड्ड्यांत रुतू लागले, आणि आधीच लवकर खेचली जाणारी पुंगळी आणखी घट्ट धरली गेली. कोकणातल्या घरी श्रावणात कोयत्याच्या पात्यावर गंज चढतो, तो तू लहानपणापासून पाहिला आहेस.

आणि मग तिसरी गोष्ट, म्हणजे सफाई. ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा समज पसरला होता, आणि सफाईचे साहित्यही पुरेसे पोहोचले नव्हते. क्लीनिंग रॉड, चेंबरचा ब्रश, योग्य तेल या साध्या वस्तू नसल्यामुळे काही सैनिकांनी त्या घरून मागवल्या. अडकलेली पुंगळी काढायला नळीच्या तोंडातून रॉड घालून ती मागे ठोकावी लागे. ज्याच्याजवळ रॉड नाही, त्याच्या हातातली रायफल त्या क्षणापुरती निव्वळ लोखंड. सफाई महत्त्वाचीच आहे, ती मी कधीच कमी लेखणार नाही, आणि तुझ्या हाताखालच्या कोणालाही पुल-थ्रू आणि चिंदी यांचा आळस करू देऊ नकोस. परंतु साहित्य न देता सफाई झाली नाही म्हणून ज्याला दोष द्यायचा, तो माणूस चिखलात उभा होता आणि ज्यांनी दारू बदलली ते कचेरीत होते, हे वर्गात सांगायला हवे होते.

आणखी एका खुणेकडे मी तुझे लक्ष वेधतो, कारण ती आम्हा काडतूसवाल्यांच्या माथी हमखास मारली जाते. घोडा पडला, पण गोळी सुटली नाही. काडतूस काढून पाहिले तर बुडाच्या टोपीवर, म्हणजे ठोसा बसताच दारू पेटवणाऱ्या भागावर, पिनेचा हलकासा खळगा. लगेच निष्कर्ष निघतो की टोपी खराब आहे. एम-१६ मध्ये याचेही एक कारण वेगाशीच जोडलेले निघाले. वाहक इतक्या जोरात पुढे येऊन आदळे की किंचित मागे उसळे, आणि स्वयंचलित माऱ्यात त्याच क्षणी घोडा पडल्यास पिनेला पुरता ठोसा बसत नसे. उपाय म्हणून दांड्यातला, वाहकाचा मागचा धक्का झेलणारा जुना बफर काढून आत सरकती वजने असलेला जड बफर बसवण्यात आला. ती वजने वाहकामागून क्षणभर उशिरा पुढे येऊन उसळी दाबून टाकतात, आणि वाढलेली गतीही त्याने कमी झाली. साधा आणि सुंदर उपाय आहे; बफर हलवून पाहिला तर आतल्या वजनांचा खुळखुळ ऐकू येतो.

याउलट सैन्याने आग्रहाने बसवून घेतलेले बोल्ट पुढे ढकलण्याचे बटण. बोल्ट पुरता बंद झाला नाही तर अंगठ्याने दाबून तो बसवावा, ही त्यामागची कल्पना. स्टोनर यांचा त्याला विरोध होता आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. जे काडतूस स्वतःहून आत जात नाही, ते का जात नाही हे पाहायचे सोडून त्याला आणखी आत कोंबले, तर मघाशी बाहेर निघू शकणारी अडचण आता पक्की बसते.

१९६७ च्या वसंतात व्हिएतनाममधल्या खे सान्हजवळच्या टेकड्यांवर अमेरिकन मरीन दलाची भीषण लढाई झाली. त्या सुमारास एका सैनिकाने घरच्यांना लिहिलेले, आपल्या मेलेल्या सोबत्यांजवळ खोललेल्या रायफली सापडल्याचे सांगणारे पत्र वर्तमानपत्रात छापले गेले आणि अमेरिकन संसदेपर्यंत पोहोचले. मुलाचे असले पत्र हातात पडलेल्या आईबापांचे काय झाले असेल, याचा विचार मी तुला लिहिताना टाळू शकत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात मिसुरीचे प्रतिनिधी रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली संसदेची उपसमिती चौकशीला बसली आणि ऑक्टोबरमध्ये तिचा अहवाल आला. काडतुसातले दोष दूर करण्याचा अधिकार असूनही ते दूर न करणे हा जवळजवळ गुन्ह्याच्या पातळीचा निष्काळजीपणा आहे, असे तिने स्पष्ट म्हटले. कारखान्यातून रायफली स्वीकारताना त्या जुन्या दारूच्या काडतुसांवर तपासण्याची मुभा होती आणि सैनिकांच्या हाती मात्र नव्या दारूची काडतुसे पडत होती, हेही त्या चौकशीत उघड झाले. हे वाचून माझ्यासारख्याच्या अंगावर काटा येतो. ज्या मालावर तपासणी केली, तोच माल वापरणाऱ्याला मिळाला नाही तर शिक्क्याला काय अर्थ राहिला?

त्यानंतरच्या सुधारणा भराभर झाल्या. चेंबरला क्रोम आले, पुढे साऱ्या नळीला आले. नवा बफर सर्वत्र बसला. सफाईचे साहित्य पोहोचले आणि १९६८ मध्ये चित्रकथेच्या रूपातली देखभालीची पुस्तिका सैनिकांच्या हाती दिली गेली. दारूतल्या कॅल्शियम कार्बोनेटची राख वायूच्या नळकांड्यात साचत असे, म्हणून पुढे त्याचे प्रमाणही उतरवले गेले. पण गोल कणांची दारू राहिलीच. ती मुळात वाईट नव्हती. रायफल तिच्याशी जुळवून घेतल्यावर दोघींचे बरे चालले.

तू विचारले आहेस की फायरिंग रेंजवर रायफल वारंवार अडू लागली तर आधी काय पाहावे. रायफल सुरक्षित करून, ती झटकण्याआधी, जशी अडली तशीच पाहा. बोल्ट कुठे थांबला आहे, पुंगळी आत आहे की अर्धी बाहेर, तिची कड शाबूत आहे का, टोपीवरचा खळगा केवढा आहे, हे लिहून काढ. एका वेळी एकच गोष्ट बदल. आधी मॅगझिन, कारण अर्ध्याअधिक वेळा दोष तिथेच निघतो. १९९९ च्या कारगिल युद्धात आपल्या इन्सास रायफलीच्या मॅगझिनना थंडीत तडे गेल्याच्या तक्रारी तुला माहीत आहेतच. मग दुसऱ्या लॉटचे, म्हणजे उत्पादनाच्या दुसऱ्या खेपेचे काडतूस. दोन्ही बदलूनही तीच अडचण आली, तर रायफल आर्मररच्या टेबलावर ठेव आणि चेंबरपासून सुरुवात करायला सांग. पुंगळ्या कुठे पडतात तेही बघत जा. नेहमीपेक्षा फार जोरात आणि पुढच्या बाजूला उडत असतील तर वायूचा धक्का जास्त असण्याची शक्यता आहे. आळसटपणे जवळच पडत असतील तर तो कमी असेल किंवा कुठेतरी घर्षण वाढले असेल. ही खूण आहे, निकाल नव्हे. आणि कोणीही वायूच्या छिद्राला हात लावायला निघाला तर त्याला तिथल्या तिथे थांबव, कारण मोठे केलेले छिद्र परत लहान होत नाही.

इकडे वरणगावात तुझ्या आईची तब्येत चांगली आहे. तिने तुझ्यासाठी मेथीचे लाडू पाठवले आहेत. डबा मिळाला की कळव.

एक गोष्ट मात्र उलट टपाली लिहून पाठव. अडलेल्या रायफलींची नोंद तुमच्याकडे ज्या रजिस्टरमध्ये होते, त्यात रायफलीच्या क्रमांकाशेजारी काडतुसाच्या लॉट नंबरचा रकाना आहे का? नसेल तर वरिष्ठांची परवानगी घेऊन तो आखून घे, आणि तशी परवानगी मागणारे टिपण कसे लिहावे हे हवे असेल तर मी मसुदा करून पाठवतो.

तुझे
बाबा