बाझलला घर बघा

सांगली

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल आणि स्वित्झर्लंडमध्ये घर कुठे करावं यासाठी केलेला शहरांचा तक्ता, दोन्ही नीट वाचलं. निखिलरावांचा कल झ्युरिकलाच राहण्याकडे आहे, तुझं मन लोझानच्या सरोवरात अडकलंय, आणि बाझलच्या प्रयोगशाळेची नोकरी तू 'तिसरा पर्याय' म्हणून खाली लिहिली आहेस. मला विचारलंस म्हणून सरळ सांगतो: बाझल. का ते सविस्तर लिहितो. फोनवर रेवा मध्येच फोन ओढून घेते आणि बोलणं अर्धवट राहतं.

आधी त्या जागतिक याद्यांबद्दल. मर्सर या सल्लागार कंपनीच्या राहणीमानाच्या यादीत झ्युरिक आणि जिनिव्हा वर्षानुवर्षं अगदी वर असतात, ते खरंच आहे. पण ती यादी मुळात परदेशी पाठवलेल्या अधिकाऱ्यांना किती भत्ता द्यावा हे कंपन्यांना ठरवता यावं म्हणून काढतात. तीन वर्षं कंपनीच्या खर्चाने राहून परत जाणाऱ्या माणसासाठी ती ठीक आहे. तुम्ही तिथे मूल वाढवणार, तिथल्या सरकारी शाळेत घालणार, आणि बहुधा तिथेच राहणार. तुमचे प्रश्न वेगळे आहेत.

त्यातला पहिला भाषेचा. स्वित्झर्लंडमध्ये शहर निवडलं की मुलाची शाळेची भाषा निवडून होते. लोझान, जिनिव्हा फ्रेंच; झ्युरिक, बर्न, बाझल, विंटरथूर जर्मन; लुगानो इटालियन. शाळा वस्तीप्रमाणे ठरते आणि शिकवणं तिथल्या भाषेत. तू पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला जी वर्षं घातलीस, ती जर्मनसाठी. रस्त्यावरची स्विस जर्मन वेगळी आहे हे तूच मला सांगितलंस, पण शाळेतून येणारी चिठ्ठी लेखी जर्मनमध्ये येते आणि ती तुला वाचता येते. रेवाच्या बाईंशी तुला बोलता येईल. फ्रेंचमध्ये तुम्हा दोघांनाही काठावर उभं राहून बघावं लागेल. पालकसभेत गप्प बसणारी आई होऊ नकोस, तुझा तो स्वभाव नाही.

लोझान सुंदर आहे याबद्दल वाद नाही. सरोवरापासून वर डोंगरात चढत जाणारी ती मेट्रो, देशातली एकमेव, आणि बाजूला लाव्होचे द्राक्षमळे. पण झ्युरिकहून गाडीने दोन तासांच्या वर. निखिलरावांना आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात जावं लागतं. ते जमणार नाही, ओढून ताणून जमवूही नका. जिनिव्हाचंही तेच, शिवाय आणखी लांब.

राहता राहिली जर्मन बाजूची शहरं. इथे मला ज्या गोष्टीची सगळ्यात काळजी वाटते ती तुझ्या तक्त्यात कुठेच नाही. दुपारचे बारा.

पुढच्या जूनमध्ये रेवाला तीन पूर्ण होतील, म्हणजे त्याच्या पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तिचं किंडरगार्टन सुरू होईल. ३१ जुलैपर्यंत चार वर्षं पूर्ण झालेली मुलं घेतात, आणि बहुतेक कँटनांत, म्हणजे तिथल्या राज्यांत, ते सक्तीचं आहे. सकाळी चार तास शाळा, आणि बाराच्या सुमारास मुलं जेवायला घरी. दुपारची शाळा असली तर काही दिवसच. तिथली सगळी व्यवस्था कुणीतरी मोठं माणूस दुपारी घरी आहे असं धरून उभी राहिली, आणि आता कुठे बदलतेय. दुपारच्या जेवणाची सोय, पाळणाघर हे सगळं मिळतं, पण ते आधी नाव घालून, पैसे भरून. सवलत नसेल तर पाळणाघराला दिवसाचे शंभर फ्रँकच्या वर जातात. म्हणून माझा हिशेब असा: दोघांपैकी एकाची नोकरी, घर आणि किंडरगार्टन ही तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून वीस-पंचवीस मिनिटांत हवीत. रेवाला ताप आला आणि बाईंनी फोन केला, तर कुणाला गाडीची वाट बघत फलाटावर उभं राहायला लागू नये.

बर्नचा विचार मी याच कारणाने सोडला. शहर म्हणून मला ते फार भावलं. सहा किलोमीटर कमानी, पावसात छत्री न उघडता अख्खा जुना गाव फिरून होतो, आणि खालून ती हिरवी आर नदी. आईला तर तिथून हलवत नव्हतं. पण तू बाझलला जाणार, निखिलराव झ्युरिकला जाणार आणि घर मध्ये बर्नला, म्हणजे दुपारी बारा वाजता दोघंही तासभर लांब.

झ्युरिकमध्येच राहिलात तर निखिलरावांचं सोपं, हे कबूल. तलाव आहे, आपली माणसं जास्त आहेत, गणपतीला-दिवाळीला जायला घरं आहेत. मुंबईचं थेट विमान तिथूनच सुटतं. पण घर? गेली काही वर्षं त्या शहरात हजार घरांमागे जेमतेम एखादं रिकामं असतं. एका साडेतीन खोल्यांच्या जागेसाठी जिन्यात खालपर्यंत लागलेली रांग मी तुमच्याबरोबर उभं राहून बघितली आहे. तुमच्या पुढे एक पोटुशी बाई आणि तिचा नवरा होते, हातात कागदांची जाडजूड फाईल. इतका पगार असून माणसं घरमालकासमोर परीक्षेला बसल्यासारखी उभी होती, ते बघून मला बरं वाटलं नाही. आता कंपनीने दिलेली जागा सोडल्यावर तुम्हाला शहराबाहेर कुठेतरी सरकावं लागेल, मग तुझा बाझलचा प्रवास आणखी लांबेल. विंटरथूरचंही तेच: निवांत गाव, सायकलींसाठी छान, निखिलरावांना जेमतेम पंचवीस मिनिटं, पण तुला फार लांब.

आता गाड्यांचं. एसटीच्या वाहतूक शाखेत सगळी नोकरी गेली, त्यामुळे तिथलं वेळापत्रक मी वर्तमानपत्रासारखं वाचतो. १९८२ साली त्यांनी देशभर ठरावीक अंतराने गाडी हे तत्त्व आणलं. नंतर 'रेल्वे २०००' नावाची मोठी योजना केली, तिचं नवं वेळापत्रक डिसेंबर २००४ मध्ये लागू झालं. त्यात झ्युरिक ते बर्न प्रवास तासाच्या आत, ५६ मिनिटांवर आणला. केवळ वेगाच्या हौसेसाठी नव्हे. दोन्ही स्टेशनांत तास भरायच्या थोडं आधी सगळीकडच्या गाड्या आत येतात, माणसं फलाट बदलतात, आणि तास उलटला की सगळ्या बाहेर पडतात. आगारात बसून पुढची गाडी चुकलेल्या प्रवाशांची तोंडं मी आयुष्यभर बघितली, म्हणून मला या कामाचं मोल कळतं. बाझल-झ्युरिक अंतरही तासाच्या आतच आहे आणि गाड्या भरपूर. निखिलरावांनी तीन दिवस ते करावं. गाडीत बसायला जागा मिळते, काम करता येतं. फक्त अट एक: घर स्टेशनपासून चालत हवं. घरापासून स्टेशनपर्यंत आणखी अर्धा तास लागला तर सगळा हिशेब कोसळतो.

म्हणून वस्तीही सांगतो. बाझल एसबीबी या मुख्य स्टेशनाच्या मागच्या अंगाला गुंडेल्डिंगन आहे, तिथले लोक गुंडेली म्हणतात. सरळ आखलेले रस्ते, जुनी चार-पाच मजली घरं, सगळ्या देशांची माणसं, किराण्याची दुकानं पायाखाली. तिथून तुझी सेंट योहान वस्तीतली प्रयोगशाळा ११ नंबरच्या ट्रामवर आहे, गाडी बदलायची नाही: स्टेशन, बार्फ्युसरप्लात्स, मार्केटप्लात्स, नदीकाठ आणि तू. दुसरी पसंती बाखलेटन, प्राणिसंग्रहालयाच्या शेजारी. भाडं तिथे जास्त पडेल, पण रेवाला रोज संध्याकाळी फ्लेमिंगो बघता येतील.

रेवासाठी या शहराने केलेली आणखी एक गोष्ट मला फार पटली. ज्या मुलांना जर्मन येत नाही, त्यांनी किंडरगार्टनच्या आधीचं एक वर्ष आठवड्यातून दोन अर्धे दिवस तरी जर्मन बोलणाऱ्या खेळगटात जायचं, असा बाझल-श्टाट कँटनचा नियम २०१३ पासून आहे. पालकांना आधी प्रश्नावली येते, मूल कोणती भाषा किती बोलतं याची. घरी आपली मराठी बिनधास्त चालू ठेवा, तिची भाषा तिच्यापासून कुणी काढून घेत नाहीये. पण पहिल्या दिवशी तिला 'पाणी हवंय', 'शू लागली' एवढं सांगता आलं पाहिजे. पुढच्या उन्हाळ्याच्या आत तिथे राहायला गेलात तर ते पूर्ण वर्ष तिला मिळेल. उशीर झाला तर नाही.

आणि मग ती एकटी चालत शाळेत जाईल. गळ्यात चमकणारा त्रिकोणी पट्टा घातलेली चिमुरडी पोरं दोघं-तिघं मिळून रस्ता ओलांडताना मी बघितली आहेत. पोलीस शाळेत येऊन त्यांना शिकवतात: थांब, बघ, ऐक, मग चाल. आणि मोटारी खरंच थांबतात. तुझ्या आईला हे पचायला वेळ लागेल, मला नाही. चार वर्षांचं मूल एकटं चालू शकतं याच्याइतका शहराचा मोठा गुण मला दुसरा माहीत नाही.

बाझलच्या त्या नावेबद्दलही लिहितो, कारण तिथेच माझं मत पक्कं झालं. ऱ्हाईनवर अशा चार नावा आहेत, त्यांना इंजिन नाही. नदीवर आडवी तार, नाव दोराने तिला बांधलेली. नाविक सुकाणू थोडं तिरपं करतो आणि वाहतं पाणीच नाव पलीकडे ढकलतं. आवाज म्हणाल तर फक्त तारेवरच्या चाकाची किरकिर. हरिपूरच्या संगमावरच्या नावा बघत मी मोठा झालो, त्यामुळे मी नाविकाच्या हाताकडेच बघत बसलो होतो. आणि शेजारून, उन्हाळी संध्याकाळ होती, ऑफिस सुटलेली माणसं कपडे माशाच्या आकाराच्या पिशवीत गुंडाळून, तीच पिशवी धरून प्रवाहाबरोबर वाहत घरी निघाली होती.

हीच नदी १ नोव्हेंबर १९८६ ला लाल झाली होती. शहराशेजारी श्वाइत्सरहालेला सँडोझ या औषध-रसायन कंपनीच्या गोदामाला आग लागली, विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर विषारी कीटकनाशकं नदीत गेली आणि खालपर्यंत मासे मेले. लोक रस्त्यावर आले, काठावरच्या देशांनी एकत्र बसून नदी सुधारायचा कार्यक्रम आखला, आणि आज त्याच पाण्यात माणसं पोहतात. कृष्णेत मासे मेल्याच्या बातम्या वाचणाऱ्या माणसाला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. तू औषधांच्या धंद्यात जाणार आहेस, म्हणून हे तुला माहीत असावंसं वाटलं.

याच गावाने १९६७ मध्ये मतदान घेऊन पिकासोची दोन चित्रं राखण्यासाठी सरकारी तिजोरीतून साठ लाख फ्रँक द्यायचं ठरवलं. उरलेले पैसे लोकांनी रस्त्यावर उत्सव करून जमवले. पिकासोला इतका आनंद झाला की त्याने आणखी चार चित्रं दिली. ती सगळी कुन्स्टम्युझियममध्ये आहेत. रेवाला पावसाच्या रविवारी तिथे घेऊन जा, दुकानं तशीही बंद असतात.

उणंही सांगतो. आरोग्य विम्याचा हप्ता बाझल-श्टाटमध्ये देशातल्या सगळ्यात महाग कँटनांपैकी आहे. तुम्ही तरुण आहात, पण विमा लागू होण्याआधी स्वतःच्या खिशातून भरायची कपात फार वरची घेऊ नका. मोठं सरोवर नाही, खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसत नाहीत. उन्हाळा तापतो आणि जुन्या घरात एसी नसतो. त्याच्या बदल्यात झ्युरिक-बर्नकडे हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे डोक्यावर बसणारं ते राखाडी धुकं इथे कमी. गेल्या हिवाळ्यात सूर्य बघायला तुम्ही मला उएटलिबर्ग डोंगरावर नेलं होतं, ते विसरलेलो नाही. नोव्हेंबरात तुझा आवाज कसा होतो हे आई आणि मी दोघंही ओळखतो. मराठी माणसं इथे थोडी, तेव्हा सणाला झ्युरिकची गाडी पकडायची. आणि ८ नंबरची ट्राम सरळ जर्मनीत वाइलला जाते, आठवड्याचा बाजार तिकडे करतात लोक. फक्त २०२५ पासून माणशी माल दीडशे फ्रँकच्या वर गेला की कर लागतो, पावत्या जपून ठेवा.

कर वाचवायला त्सूगला जाण्याचं निखिलरावांच्या मित्राने सुचवलंय. नको. कर वाचेल तो भाड्यात जाईल.

घाईने ठरवू नका असं मी म्हणणार नाही, कारण इथे उशीर महाग पडतो. तुमचा राहण्याचा बी परवाना कँटनशी बांधलेला आहे, नवीन कँटनची परवानगी आधी मागावी लागेल. नागरिकत्वाला देशात दहा वर्षं लागतात, त्याशिवाय त्या त्या कँटनमध्ये दोन ते पाच वर्षं राहिलेलं लागतं. रेवाची आठ ते अठरा या वयातली वर्षं दुप्पट धरतात. पुढे सारखी कँटन बदलत राहिलात तर तिचं घड्याळ मागे पडतं. जिथे जाल तिथे दहा-पंधरा वर्षं राहायच्या तयारीने जा.

बाझलच्या नोकरीला होकार देण्याआधी दोन गोष्टी लेखी विचार: आठवड्याला ऐंशी टक्के, म्हणजे चार दिवस, काम चालेल का, आणि मूल आजारी पडलं तर घरी कसं राहता येतं. घरासाठी पगाराच्या तीन चिठ्ठ्या, परवान्याची प्रत आणि कर्जवसुली कार्यालयाचा थकबाकी नसल्याचा दाखला आत्ताच काढून ठेवा. अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत मागतात, ती तुमच्या नावच्या खात्यात गोठवून राहते. त्यात कमी पडलं तर संकोच करू नकोस, माझी मुदत ठेव मार्चमध्ये सुटते.

जागा बघायला जाल तेव्हा दुपारी बाराला जा, शाळा सुटताना. आणि पत्ता कळला की मला पाठव, जवळचा ट्रामचा थांबा आणि निखिलरावांची सकाळची गाडी मी इथून बघून ठेवतो. निखिलरावांना आशीर्वाद, रेवाला गोड पापा. आईने मेतकुटाची पिशवी भरून ठेवली आहे, कुणी येणारं असेल तर कळव.

तुझे,
बाबा